गठुड्यावरची चिठ्ठी

— ती न्हाई, सर. ती सोडून कोणती बी घ्या. वरच्या खिळ्यावरली ती नऊवारी भाड्यानं देत न्हाई मी. ह्या खाली सा टांगल्यात बघा, जरीकाठाच्या, सगळ्या शिवलेल्या, पोरींनी नुसते पाय घालायचे आन् नाडी बांधायची. ती तेवढी ऱ्हाऊ द्या. का म्हणजे? जुनी हाय. कसर लागलीय तिला. इथनं चांगली दिसत आसंल तुम्हाला, दिव्याखाली सगळंच चांगलं दिसतं, आमचा धंदाच त्यावर हाय. बसा की. त्या पेटीवर बसा, तलवारी हायत आत, पर पत्र्याच्या हायत, कुणाला काय करत न्हाईत. अगं सिंधु, दोन चा टाक, मास्तर आलेत. नको कसं, सर? गॅदरिंगच्या दिवसांत आलेला मास्तर बिनचाचा गेला तर आमची मंडळी मला जेवू घालणार न्हाई. यादी आणलीय न्हवं? द्या मंग. यादीबिगर मी मिशी बी काढत न्हाई बाहेर.

तुम्ही पहिल्यांदाच आलात माझ्याकडं, म्हणून सांगतो. लातुरात नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपऱ्या लई हायत. गोणीत कपडे कोंबायचे, शाळेत नेऊन वतायचे, मंग पोरं एकमेकाच्या उरावर बसणार, एकाचा फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर, मास्तर शिट्ट्या मारून मारून बेजार. शिवमूर्तीचं तसं न्हाई. एक पोरगं, एक गठुडं. गठुड्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. यादी वाचायची, उंची बघायची, इयत्ता बघायची, आन् त्याचा अंगरखा, त्याचा फेटा, त्याचे चाळ, सगळं त्याच्या गठुड्यात. माझ्या हातानं चिठ्ठी टाचतो मी. आपल्या नावाचं गठुडं सोडताना पोराचं त्वांड बघितलंय कधी तुम्ही? घरात चार भावंडांचं उतरलेलं घालणारं पोरगं असतं, त्याच्या नावाचं काय बी आलेलं नसतं जन्मात, आन् इथं त्याच्या नावाची चिठ्ठी. मी त्याच्यासाठीच जातो शाळंत. रंग लावायला जातो म्हणतात लोक, पर मी गठुडी सोडताना बघायला जातो.

तर, मावळे आठ. बरं. भालदार-चोपदार दोन. खानाचे सैनिक पाच — शेख, शेख, सय्यद, पठाण, आन् हा एक शेख. हे नेहमीचंच. हसू नका सर, खरं सांगतो, हे मला यादी न बघता बी सांगता आलं असतं. सीझन लागला की मी हिरवे अंगरखे आधीच चिठ्ठ्या टाचून ठिवायचो. नावं तीच, गल्ली तीच, मोठ्या भावाचा अंगरखा दोन वरसांनी धाकट्याला. चौथीत सैनिक, पाचवीत सैनिक, सातवीत बढती झाली तर सरदार. पोरं हौशीनं करतात म्हणा. मरायला मिळतं ना स्टेजवर.

आन् हे काय? हे खोडलंय कुणी? जिजाऊ, आन् म्होरं काळं केलंय. लई जोर लावलाय पेनाला, कागद फाटायला आलाय. थांबा, दिव्याम्होरं धरतो. नि... निलोफर. बराबर? निलोफर. तिला खोडून ही नवी पोरगी लिवलीय. मंग निलोफर कुठं गेली — हां, ही काय, खाली. विजापूरची बेगम, निलोफर. न्हाई न्हाई, मला काय करायचंय सर, तुमची शाळा, तुमचं नाटक, मी आपला कपडेवाला. पर एक नियम हाय माझा. खोडाखोड असंल तर शेजारी सही लागती. ज्यानं खोडलं त्याची. सा वरसं झाली, पाळतो मी हा नियम. आधी न्हवता. एका शाळेत घोटाळा झाला यादीतल्या चुकीनं, तवापासून.

कोणती शाळा ते न्हाई सांगत. रेणापूर तालुक्यातली म्हणा. तिथला एक बाबूमियाँ, पिंजारी. गाद्या भरायचा. आता ह्या तयार दाढ्या मिळतात, गोंद लावला की झालं, पर आधी ऋषीमुनी काय आन् म्हातारे काय, सगळ्यांच्या दाढ्या कापसाच्या, आन् तो कापूस बाबूमियाँचा. असा पिंजून द्यायचा की हातात घेतलं तर हात रिकामाच वाटायचा. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा पोतं घेऊन, आन् संगट त्याची पोरगी, अतिया. तुम्ही बसलात ना, त्याच पेटीवर बसायची ती. ह्या आरशात बघून मिशा लावून बघायची. बोलायला लई खणखणीत. घरी त्यांची बोली, पर आपली मराठी अशी बोलायची की आमची मंडळी आतून काम टाकून बाहेर यायची ऐकायला. मला मामा म्हणायची. ड्रेसवाले मामा. चौथीपासून तिच्या नावाचं गठुडं बांधलं मी. हिरवंच. एकदा सैनिक, एकदा दासी, एकदा पुन्हा सैनिक, पोरं कमी पडली म्हणून. सहावीत असताना इथं बसून मला म्हणली, ‘मामा, तुमच्याकडं माझ्या मापाचं भगवं न्हाईच का?’ मी हसलो. म्हणलं पुढल्या वरसी बघू.

पुढल्या वरसी त्या शाळंत नवीन बाई आल्या. विशाखा मॅडम, नांदेडच्या. तरुण होत्या. त्यांनी काय केलं, सगळ्या पोरींना वर्गात उभं करून आऊसाहेबांचं भाषण म्हणायला लावलं, जी चांगलं म्हणंल तिला पार्ट. आता तुम्हीच सांगा, अतियाच्या म्होरं कोण टिकणार? घरी बापाला सांगितलं न्हाई तिनं काय पार्ट हाय ते. गाद्यांच्या ढिगाम्होरं उभी राहून तोंडातल्या तोंडात पाठ करायची, बाप आला की गप. बाबूमियाँ कापूस घेऊन आला तवा म्हणला मला, ‘इस साल बेटी का बड़ा काम है बोलती, क्या है बताती नै.’ मी म्हणलं, आसंल. बेगमचा पार्ट बी मोठाच असतो, गादी-बिदी असती, दोन दासी वारा घालतात. मला आपलं तसंच वाटलं. मंग यादी आली, आन् यादीत ती चूक. फोन केला असता तर काय झालंच नसतं बघा. नंबर खालीच होता मॅडमचा, कागदावरच, पर —

काय? चूक यादीत होती तर फोन कशाला? न्हाई, म्हणजे... घ्या, चा आला. घ्या सर. साखर जास्त टाकती ती.

यादीत न्हवती चूक. हाव. आता बोलून गेलोच हाय तर ऐका. यादी बराबर होती. जिजाऊ — अतिया नदाफ. बेगम — पुनम. मोत्यासारखं अक्षर, एक रेघ खोडलेली न्हाई. मी इथंच बसून वाचली, ह्याच स्टुलावर, आन् मला वाटलं, बाई नवीन हाय, घाईत ओळी उलट्या पडल्या. असं मला वाटलं. शंका बी आली न्हाई, सर. शंका आली असती तर फोन केला असता ना माणसानं. तीस-पस्तीस वरसं मी तेच बांधत आलो होतो, तर माझ्या हातालाच ते पाठ झालेलं. मी यादी सुधारली. कुणी सांगितलं न्हाई मला — हेडमास्तरनं न्हाई, सरपंचानं न्हाई, गावातल्या कुण्या पोरानं येऊन दमदाटी केली न्हाई. मी आपणहून, चांगलं काम करायचं म्हणून, बाईची चूक पोटात घालायची म्हणून, नऊवारीवर पुनमची चिठ्ठी टाचली आन् हिरव्या शराऱ्यावर अतियाची. वर मंडळीला सांगितलं सुद्धा, बघ, मी होतो म्हणून निभावलं.

गॅदरिंगच्या दिवशी गठुडी नेली. सातवीच्या वर्गात पोरी रांगेनं बसल्या, मी नाव घ्यायचो, ती यायची. अतियाचं नाव घेतलं तर पळत आली. मांडीवर ठिवलं, गाठ सोडली. मी बघत होतो, मी बघतोच. तिनं वरचा हिरवा कपडा बाजूला केला, खाली बघितलं. खाली बी हिरवंच. मंग सगळं होतं तसं घडी घालून ठिवलं आन् चिठ्ठी वाचली. नाव तिचंच. मंग चिठ्ठी उलटी करून मागं बघितलं, मागं काय लिवलेलं आसंल तर. रडली न्हाई तवा. पलीकडं पुनम नऊवारी घेऊन उभी, तिला तर हुंदकाच फुटला, तिला एक ओळ येत न्हवती भाषणातली. मॅडम पळत आल्या. दोघी पोरी एका मापाच्या, सर. वीतभर बी फरक न्हाई. चिठ्ठ्या काढून अदलाबदल करायची, दोन मिनिटांचं काम होतं. तुमचा चा पिऊन व्हायच्या आत झालं असतं.

तेवढ्यात शेषेराव आले, हेडमास्तर. त्यांनी बघितलं आन् काय म्हणले माहीत हाय? म्हणले, बरंच झालं की. माझ्या मनात होतंच, पर मॅडमला कसं सांगावं कळत न्हवतं. पाव्हणे येऊन बसलेत, गाव बसलंय, आऊसाहेबांच्या पार्टात ती पोरगी दिसली तर मला इचारतील लोक. आता जसं आलंय तसं होऊ द्या. मॅडम म्हणल्या, मी यादीत स्पष्ट लिवलंय, सर. मंग शेषेराव माझ्याकडं वळले. सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. ‘शिवमूर्ती, यादीत काय होतं?’

यादी माझ्या खिशात होती. ह्या इथं, वरच्या खिशात. काढून दाखवली असती तर कागद बोलला असता, मला तोंड बी उघडावं लागलं नसतं. पर मंग चूक कुणाची निघाली असती? शिवमूर्तीच्या गठुड्यात चूक झाली, असं सगळ्या तालुक्यात झालं असतं. मी म्हणलं, ‘चिठ्ठीवर हाय तेच.’ बघा की, खोटं बी न्हाई बोललो एका हिशोबानं. मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. त्यांना सगळ्यांम्होरं ऐकून घ्यावं लागलं, लक्ष नसतं तुमचं, साधी यादी करता येत न्हाई. पुढच्या वरसी बदली करून धर्माबादेकडं गेल्या म्हणं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पर रंग बी मलाच लावायचा होता ना. पोरी एकेक करून म्होरं येऊन बसतात, डोळे मिटतात, मी लावतो. अतिया आली. बसली, डोळे मिटले न्हाईत. हळूच इचारलं, ‘मामा, यादीत माझं नाव कुठं होतं?’ खरं सांगतो, हेडमास्तरला जे बोललो ते सगळ्यांम्होरं बोललो, भ्यालो म्हणा, लाजलो म्हणा. पर हिथं कुणी ऐकत न्हवतं. ती आन् मी. म्हणलं, ‘बेगमच्या म्होरं.’ ती बरं म्हणली आन् डोळे मिटले. मंग गालावरली पावडर भिजायला लागली. मी पुसायचो, पुन्हा लावायचो, पुन्हा भिजायची. आन् मी तिला काय म्हणलो असंन? रडू नगं, रंग जातो, म्हणलो.

नाटक झालं की. होतंच सगळं. पुनम आली स्टेजवर, भाषणाची पहिली ओळ म्हणली आन् अडकली. लोक हसायच्या बेतात, आन् विंगेतनं आवाज आला. अतिया. हिरव्या कपड्यात पडद्याआड उभी राहून ती ओळ सांगायला लागली. पुनमनं एक म्हणली, दोन म्हणल्या, मंग तिला ते बी जमंना, ती नुसती ओठ हलवत राहिली आन् आतून अतिया पुरं भाषण बोलली. माईक विंगेजवळच होता, सगळ्या मैदानभर गेला तो आवाज. बायांनी डोळ्याला पदर लावले. टाळ्या पडल्या, पुनमला. आन् मी पडद्याच्या फटीतनं बघतो तर पाचव्या-सहाव्या रांगेत बाबूमियाँ उभा राहिलेला. मागचे लोक म्हणतात बस खाली, बस खाली, तर त्याला ऐकूच येईना. तो स्टेजवर हुडकत होता. आवाज हाय आन् पोरगी न्हाई.

मंग आला तो मागं. तिला बघितलं, माझ्याकडं बघितलं. खांद्यावरला गमजा काढला आन् तिचं त्वांड पुसायला लागला. सगळा रंग निघेपर्यंत पुसलं त्यानं. मी उभाच होतो तिथं. त्याच्या पुढं ना तो कधी कापूस घेऊन आला, ना मी मागायला गेलो. जूनमधी अतियाची टीसी काढली. कुठल्या शाळंत घातली म्हणून इचारलं, तर कुठंच न्हाई. आठवी न्हाई, दहावी न्हाई. अशी बोलणारी पोरगी, सर.

तीन वरसांमागं मी बाजारात गेलो होतो, तर बाबूमियाँचा गाडा. तो न्हवता, ती होती. मोठी झालेली, वढणी डोक्यावर, गादीच्या खोळीला टाके घालीत होती. मला वाटलं वळखत न्हाई. म्हणलं एक उशी भरून पाहिजे. उशी काय करायचीय मला, बोलायला निमित्त पाहिजे होतं. तिनं कापूस कोणता ते इचारलं, कवा पाहिजे ते इचारलं. मंग कागदाचा तुकडा घेतला आन् मान वर न करता म्हणली, ‘नाव सांगा. चिठ्ठी लावावी लागते, न्हाई तर अदलाबदल होती.’ मी नाव सांगायच्या आधीच तिनं लिवलं होतं. शिवमूर्ती मामा.

उशी आणायला मी गेलो न्हाई. मंडळीला धाडलं.

ती वरची नऊवारी तीच हाय, हाव. गॅदरिंगहून परत आली, तशी मी पुनमची चिठ्ठी काढली, अतियाची टाचली आन् टांगली वर. सिंधु म्हणती, भूत टांगून ठिवलंय घरात. दर दसऱ्याला म्हणती काढा ते. पंखा लावला की फिरती, बघा, दिसली चिठ्ठी? कसर-बिसर काय न्हाई तिला. मीच ऊन दाखवतो वरसातनं दोनदा.

तर असं. म्हणून सही लागती. आन् हे बघा, मी तुम्हाला दोष देत न्हाई. हेडसरांनी सांगितलं आसंल, कमिटीतलं कुणी बोललं आसंल, तुमची नोकरी नवीन, गाव मोठं. मला सगळं कळतं. नाटक परवा हाय ना? अजून वेळ हाय. ह्या खोडलेल्या नावावर पुन्हा एकदा लिवलं तर कागदाला काय जड न्हाई. पोरीला भाषण पाठ आसंलच, निलोफरला. तुम्हीच पाठ करून घेतलंय न्हवं? मंग. पेन हाय का? हा घ्या. एक तर नाव पुन्हा लिवा, न्हाई तर शेजारी सही करा. घाई न्हाई. मी तिकडं बघतो.

— केली? झाली सुद्धा?

दाखवा. हाव, सहीच हाय. सुंदर अक्षर हाय तुमचं, खाली तारीख बी घातलीत. न्हाई, राग कशाचा. तुम्हीच पहिले न्हाई. दर सालाला अशा दोन-तीन याद्या येतात, दर बारीला मी हे सगळं सांगतो, चा पाजतो, पेन देतो. अजून एकानं बी पेन खाली ठिवला न्हाई. काय म्हणलात? मी तुमच्या जागी असतो तर? मी केली असती, सर. मी तर तुम्ही न सांगताच केली होती. आन् आता बी कपडे न्हाईत म्हणलं तर पुढल्या गल्लीत दुसरा बसलाय, तो न वाचताच बांधून देईल. म्हणून बांधतो मीच.

घ्या, हिरवा शरारा. ही वढणी. हा हार. गाठ मारली. चिठ्ठी तुम्ही लिवा, माझ्या हातानं न्हाई व्हायची. लिवा, निलोफर. टाचा इथं. उद्या येऊन बाकीची गठुडी घेऊन जावा, आन् रंगाला दुसरा माणूस बघा, परवा मला जमणार न्हाई.

आन् एक, सर. ती इचारंल तुम्हाला. यादीत माझं नाव कुठं होतं म्हणून इचारंल, इचारतातच पोरी. तर तिला —

जावा. जीप भरली आसंल तुमची. तेवढं दार वढून घ्या.